वजन तेवढंच, मग अंग का बदललं?

वय वाढताना स्नायू कसे झिजतात, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीचशी आपल्या किनाऱ्यावरची आहेत. मी रत्नागिरीत फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे या पत्रांतली जेवणं, कामं आणि दुखणी मला रोजची ओळखीची. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त गाव आणि वय देत आहे.

प्रश्न: ताई, चाळिशीत माझं वजन 68 किलो होतं, आजही 68च आहे. पण तेव्हाची पँट आता कमरेला बसत नाही, आणि मांड्या अशा सुकल्यात की हाफ पँट घालायला संकोच वाटतो. दंडांचंही तेच. रोज पहाटे समुद्रकाठच्या पुळणीवरून पाच किलोमीटर चालतो, सहसा चुकवत नाही. यंदा शिमग्यात पालखी खांद्यावर घेतली आणि दोन गिरक्यांत पाय लटपटले, मुलाने सावरलं. ज्या पालखीखाली रात्र रात्र नाचलो तिथे ही गत झाली, हे मनाला फार लागलंय. माझं कुठे चुकतंय? (गुहागर तालुका, वय 59)

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती पालखीची आहे. वजनकाट्याने वीस वर्षं जे कळू दिलं नाही, ते तुम्हाला पालखीखाली कळलं.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातला साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतो, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूपेक्षाही लवकर उतरते. या झिजेला 1989 साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. तुमच्या बाबतीत वीस वर्षांत मांड्या, ढुंगण, पाठ, दंड इथला काही किलो स्नायू गेला आणि जवळजवळ तेवढीच चरबी पोटावर आली. बेरीज 68च राहिली. आंब्याच्या पेटीचं वजन बरोबर भरतं, पण आत डागी फळं किती ते काट्यावर दिसत नाही, तसलाच हा प्रकार.

आपल्या लोकांत हे जास्तच दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. अंगकाठी किरकोळ, वजन ‘नॉर्मल’, आणि आत चरबी दुपटीहून जास्त. म्हणून मी पुरुषांना वजनाआधी कमरेचा घेर विचारते. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात, बायकांसाठी 80. टेप बेंबीच्या पातळीला जरा वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची.

‘वयामुळे पचन-चयापचयच मंदावलं’ असं सगळे म्हणतात. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशोबात धरले, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो दरवर्षी साधारण 0.7 टक्क्याने उतरतो. म्हणजे तुमच्या पोटाचा दोष 59 या आकड्यावर टाकता येणार नाही. गेलेला स्नायू, घटलेली हालचाल आणि तरुणपणाएवढाच वाढून घेतलेला भात, यांचा तो हिशोब आहे.

आता चालणं. ते सोडू नका, हृदयाला आणि साखरेला त्याचा फार फायदा आहे. पण वयानुसार आधी सुकतात ते झटक्याने जोर लावणारे स्नायूतंतू. सपाट पुळणीवर आरामात चालताना त्यांना कामच पडत नाही. ते जागे होतात जड वजन उचलताना, चढ चढताना, बसून उठताना, आणि पालखी घेऊन उडी मारताना. वीस वर्षं ज्यांना बोलावलं नाही त्यांनी एका रात्री हजर व्हावं, ही अपेक्षा कुठल्याही शरीराकडून पुरी होत नाही.

शिमग्याला अजून सहा-सात महिने आहेत आणि एवढा वेळ पुरेसा आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, अर्धा-पाऊण तास द्या. खाद्यतेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घ्या. सुक्या वाळूने भरले की प्रत्येक आठेक किलोचा होतो. सुरुवातीला अर्धेच भरा. पहिलं काम खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ते सोपं झालं की कॅन छातीशी धरून. दुसरं, पडवीच्या कठड्याला हात टेकून जोर, पुढे हळूहळू जमिनीवर. तिसरं, एक हात बाकावर टेकून, पाठ सरळ ठेवून दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढणं. चौथं, दोन्ही कॅन जमिनीवरून उचलणं. इथे कमरेत वाकायचं नाही. ढुंगण मागे न्यायचं, गुडघे किंचित वाकवायचे, आणि पायांच्या जोराने उभं राहायचं. पाचवं, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे. शेवटची दोन आवर्तनं कठीण वाटली पाहिजेत. बारा सहज व्हायला लागले की कॅनमध्ये वाळू वाढवा. हे वाढवणंच माणसं विसरतात. वर्षभर तेवढाच कॅन उचलणाऱ्याचं अंग पहिल्या दोन महिन्यांनंतर बदलायचं थांबतं.

दिवाळीनंतर पालखीसाठी खास तयारी धरा. दहा किलो तांदळाची पिशवी एका खांद्यावर घेऊन अंगणात चाला, मग दुसऱ्या खांद्यावर. पुढे तीच पिशवी घेऊन वाडीतली पाखाडी चढा, दम बघत. पालखीचा भार एका बाजूला येतो आणि खाली पाय नाचत असतात. ती सवय कमरेला आणि पोटाच्या बाजूच्या स्नायूंना आधी लागली पाहिजे. वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. सुरू करण्याआधी रक्तदाब तपासून घ्या. चढताना छातीत दाटत असेल तर आधी डॉक्टर, मग कॅन.

पहिले सहा-आठ आठवडे आरशात काही दिसणार नाही, पण खुर्चीवरून उठणं हलकं झालेलं कळेल. मज्जातंतू आणि स्नायू यांचं काम त्या काळात जुळत असतं. मांडीचा आकार त्यानंतर. पोटासाठी वेगळं काही करू नका, भात एक वाटी कमी आणि मासे-उसळ एक वाटी जास्त, एवढं पुरे.

प्रश्न: मॅडम, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. वजन पाचच किलोने वाढलं पण सगळं कमरेभोवती. इथल्या जिममधली मुलगी म्हणते वजनं उचला. सासूबाई म्हणतात, “ह्या वयात आता खंय उड्यो मारतलंस?” मलाही भीती वाटते, दंड पुरुषांसारखे झाले तर? कमरेत भरलं तर? माझं जेवण फार नाही. सकाळी चहा-बटर, अकराला वाटीभर पेज नि लोणचं, दुपारी भात, माशाची कढी, एक तुकडी, सोलकढी. रात्री पुन्हा भात आणि उरलेली कढी. वजन 62 किलो. अजून किती कमी खाऊ? (मालवण, वय 52)

उत्तर: ताई, कमी खाऊ नका. तुमच्या पत्रातल्या जेवणाची मी बेरीज केली. चहा-बटरात तीन-चार ग्रॅम प्रथिनं, पेजेत दोन-अडीच, दोन्ही वेळच्या भातात मिळून अकरा-बारा, माशाच्या तुकडीत दहा, कढीबिढीत तीन-चार. दिवसाला तीस-बत्तीस ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी 51. आणि वयस्कर शरीर प्रथिनांना तरुण शरीराएवढा प्रतिसाद देत नाही, म्हणून या विषयातले तज्ज्ञ साठीच्या पुढे किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. माझ्या मते पाळी गेलेल्या बाईने तिथूनच सुरुवात करावी. तुम्हाला 62 ते 74 ग्रॅम हवेत. तुम्ही निम्म्यावर आहात, आणि आणखी कमी केलंत तर चरबीबरोबर स्नायूही जाईल. व्यायामाशिवाय नुसतं उपाशी राहून जे वजन उतरतं, त्यात साधारण पाव वाटा स्नायूचा असतो.

एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण घराघरांत हेच पाहते. बाजारातून बांगडे तुम्ही आणता, डोकी काढून, आतडं काढून धुता, चिरे पाडता, मीठ-हळद-आगळ लावता, तव्यावर उभ्या राहून तळता. जाड मधल्या तुकड्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात जातात. तुम्ही शेवटी बसता तेव्हा उरलेली शेपटी आणि कढी. घरात हाडं ठिसूळ व्हायची भीती सगळ्यात जास्त तुम्हाला, आणि तुकडी सगळ्यात लहान तुमची. उद्यापासून तळून झाल्या झाल्या तुमचा एक आख्खा बांगडा वेगळ्या ताटलीत झाकून ठेवा. मध्यम बांगड्याच्या खाण्याजोग्या भागात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात.

मग दिवस असा लावता येईल. सकाळी दोन अंडी, एक-दोन घावणे किंवा नाचणीची भाकरी आणि कपभर दूध: वीस ग्रॅम. दुपारी आख्खा बांगडा, किंवा तेवढ्याच तारल्या, आणि भात निम्मा: पंचवीस. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेले चणे: सात. रात्री मसूर किंवा कुळथाची घट्ट उसळ, भाकरी, वाटीभर दही: सोळा. पेज आवडत असेल तर जरूर घ्या, पण लोणच्याऐवजी उकडलेलं अंडं किंवा उसळीबरोबर. प्रथिनं एका वेळी कोंबण्यापेक्षा दिवसभरात तीन-चारदा वाटून घेतलेली बरी. सोलकढी असू द्या, फक्त ती ताकाच्या जागी धरू नका. नारळाच्या दुधात प्रथिनं नावापुरती.

दंडांची भीती काढून टाका. पुरुषांचे दंड टेस्टोस्टेरॉन नावाच्या ज्या संप्रेरकावर फुगतात ते बायकांत फार कमी असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं, त्यामुळे चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते. जड वजन हे दोन्हीवर काम करतं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या 101 बायकांवर एक प्रयोग झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या व्यायाम करणाऱ्या गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ महिने खरोखर जड वजनं उचलली: जमिनीवरून उचलणं, बैठक, डोक्यावर ढकलणं. त्यांच्या कण्याची आणि मांडीच्या हाडाची घनता सुधारली, पाय आणि पाठ बळकट झाली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या जिममधली मुलगी शिकलेली असेल तर तिला सांगा, पहिले दोन महिने मला उचलायची पद्धत शिकव, जड नंतर. कंबर भरते ती पाठ गोल करून, झटका देऊन उचलल्याने. विहिरीवरून घागर आणताना जशी भरते तशीच.

आणि सासूबाईंनाही सोबत घ्या. त्यांना खुर्चीवरून उठ-बस करायला लावा. त्याची त्यांना तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

प्रश्न: पोट कमी व्हावं म्हणून रोज 200 क्रंचेस करतो. वर्ष झालं, पोट आहे तिथेच. (वेंगुर्ला, वय 45)

उत्तर: पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यांच्यावरची चरबी त्या जागेवरून जळत नाही. चरबी कुठून आधी उतरायची ते शरीर ठरवतं, आणि पुरुषांत पोट बहुधा शेवटी. क्रंचेसचा वेळ बैठका, जोर आणि वजन उचलण्याला द्या, कारण मांड्या आणि पाठ हे मोठे स्नायू आहेत. संध्याकाळचं फरसाण आणि रात्रीची बाटली पत्रात नाही, असेल तर आधी तिकडे बघा.

प्रश्न: मी बोटीवर काम करतो. वर्षभर जाळी ओढतो, बर्फाच्या पेट्या उचलतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला? पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी बसलो की पोट सुटतं, आणि ऑगस्टमध्ये बोट सुरू झाली की पंधरा दिवस कंबर धरून असते. दरवर्षी हेच. (हर्णै, वय 54)

उत्तर: तुमच्या कष्टाबद्दल मला पुरेपूर आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कामाने अंग कामापुरतं घडतं. जाळी ओढणाऱ्याची पकड, मनगटं आणि पाठीचा वरचा भाग मी तपासते तेव्हा तरुणांना लाजवेल असा असतो. पण तोच माणूस पूर्ण बैठक मारून उठताना गुडघ्यावर हात टेकतो. ओढणं रोज आहे, ढकलणं कधीच नाही. वाकणं रोज आहे, मांड्यांची पूर्ण बैठक क्वचित. शिवाय काम तुमची वेळ बघत नाही. थकलेल्या पाठीलाही उचलायला लावतं. व्यायामात तुम्ही वजन ठरवता आणि उद्या विश्रांती घेता. त्या विश्रांतीतच स्नायू भरून येतो.

1 जून ते 31 जुलै या दोन महिन्यांत तुमचं शरीर एकदम कामावरून उतरतं, आणि 1 ऑगस्टला एकदम पूर्ण भारावर चढतं. पन्नाशीच्या पाठीला हा धक्का सोसत नाही. पुढच्या बंदीत आठवड्यातून तीनदा बैठका, जोर, आणि वाळूचे कॅन पायांच्या जोराने उचलण्याचा सराव ठेवा. पद्धत वर गुहागरच्या दादांना लिहिली आहे. जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत वजन वाढवत न्या, म्हणजे पहिली जाळी कमरेला अनोळखी वाटणार नाही.

बंदीतलं खाणं हाही भाग आहे. ताजी मासळी थांबली की ताटात भात आणि पातळ आमटी एवढंच उरतं, आणि काम बंद असूनही भात तेवढाच. तेव्हा सुकी मासळी कामाला येते. ओल्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं, म्हणून सहा बोंबील तळून खाल्ले तरी प्रथिनं बेताचीच. तेच उन्हात वाळले की पाणी जातं आणि प्रथिनं दाटतात. सोडे, जवळा, सुके बोंबील हे बंदीतलं उत्तम खाणं आहे. खारा बांगडा मात्र जपून. त्यात मीठ भरपूर, आणि बोटीवरच्या कितीतरी लोकांचा रक्तदाब वाढलेला मी पाहते. तो गरम पाण्यात भिजवून, पाणी फेकून मगच करा, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर टाळाच. सोबत अंडी आणि कुळीथ आहेतच.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. पुण्याहून मुलाने प्रोटीन पावडरचा डबा पाठवला आहे आणि फोनवर रोज विचारतो, घेतली का. मी ऐकलं आहे की पावडरीने मूत्रपिंडं जातात. आमच्या वाडवडिलांनी वरण-भातावर शेतं केली. घ्यावी की नाही? (देवरुख, वय 66, वजन 60 किलो)

उत्तर: काका, वाडवडिलांनी वरण-भातावर शेतं केली हे खरं, पण चिखलणीत आणि लावणीत त्यांचे पाय दिवसभर जे करत होते ते तुमचे आज करत नाहीत. त्यांचं वरणही घट्ट असायचं. आजच्या ताटात भातावर ओतलेल्या पातळ वरणात डाळ किती असते? वीस ग्रॅम कोरड्या डाळीत चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. कुळथाची पिठी मला स्वतःला फार आवडते, पण दोन चमचे पिठाची वाटीभर पिठी म्हणजेही तेवढंच. कुळथात शंभराला बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत. मात्र ती पोटात जायला कुळीथ पातळ पिठीपेक्षा उसळीत, मोड आणून, पसाभर गेले पाहिजेत.

तुम्हाला साधारण 60 ते 70 ग्रॅम हवेत. शाकाहारात ते जमतं, लक्ष द्यावं लागतं एवढंच. तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंधरा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-एकोणीस. दोन वाट्या दही बारा-तेरा. मुगाची किंवा चवळीची घट्ट उसळ सात-आठ. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते भातात असतं आणि भातात कमी ते डाळीत, म्हणून ही जोडी चांगलीच आहे. फक्त ताटातला वाटा उलटा करा, उसळ जास्त आणि भात थोडा. उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पीठ. दही, राजगिरा, शेंगदाणे त्याहून बरे. आणि शाकाहाऱ्यांनी साठीनंतर बी-12 तपासून घ्यावंच, ते कमी असेल तर पायांना मुंग्या आणि चालीत तोल जाणं यांचं खापर वयावर फुटतं.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधाच्या निवळीतलं प्रथिन सुकवलेलं. चमचाभर मापात वीस-चोवीस ग्रॅम. औषध नाही, विषही नाही. निरोगी मूत्रपिंडाला एवढ्या प्रथिनांनी इजा होत नाही. पण ज्यांचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं आहे त्यांनी प्रथिनं किती घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या कितीतरी जणांना ते दुखावल्याचं माहीतच नसतं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. अहवाल स्वच्छ असेल तर ताटात कमी पडतंय त्या दिवशी अर्धं माप दुधात घ्या. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघा, आणि ‘झटपट मसल’, ‘टेस्टो’ असले शब्द असतील तर डबा मुलाला परत पाठवा. व्यायाम न करता नुसती पावडर घेतली तर स्नायू फारसा वाढत नाही, हेही त्याला फोनवर सांगा. तो स्वतः काय व्यायाम करतो ते विचारा.

प्रश्न: मी मुंबईत असतो, आई गावी एकटी. पूर्वी डोक्यावर गवताचे भारे आणायची. आता हातपाय काडीसारखे झालेत. पाटावर जेवायला बसली तर कुणीतरी हात दिल्याशिवाय उठवत नाही. शेजारी म्हणतात, वय झालं, आता काय व्हायचं. आता व्यायामाचा उपयोग आहे का? (राजापूर तालुका, आईचं वय 78)

उत्तर: उपयोग आहे. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही. 1990 साली मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या एका वृद्धांच्या निवासी रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना घेतलं. त्यांना आठ आठवडे मांड्यांसाठी चांगलं जड वजन उचलायला लावलं. ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू 9 टक्क्यांनी भरला. त्यातली बरीचशी माणसं आधी पडलेली, कित्येकांना संधिवात. तुमच्या आई त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. शेजाऱ्यांना हे सांगा.

पण आधी डॉक्टर. आपोआप वजन उतरत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व, डोळे, आणि चालू असलेल्या गोळ्या, सगळं एकदा बघून घ्या. दातही. जेवणातून उसळ आणि मासे गळून फक्त चहा-बिस्किट आणि पेज राहिली असेल तर बहुधा चावता येत नाही म्हणून. मऊ काटे काढलेला मासा, पेजेत फेटून शिजवलेलं अंडं, घट्ट दही, मऊ मुगाची खिचडी, हे चावावं लागत नाही.

व्यायामासाठी भिंतीला टेकवलेली हात नसलेली पक्की खुर्ची घ्या आणि त्यावर घोंगडी घडी करून उंची वाढवा. समोर जड टेबल. टेबलाला हात लावून उठायचं, सावकाश, तीन मोजत बसायचं. पाच-सहा वेळा, थांबून पुन्हा. घोंगडीची घडी दर पंधरा दिवसांनी एकेकीने काढायची. हात टेकणं पुढे बोटांवर आणायचं, मग सोडायचं. त्याच टेबलाला धरून टाचा उचलणं, आणि एका पायावर तोल धरणं. 65च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस सांगितलेत. पहिले काही दिवस शेजारची सून किंवा कुणी ओळखीचं जवळ उभं हवं. तुम्ही ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून मोजा, आईला त्याचाच उत्साह जास्त येईल. पाटावर बसवणं सध्या थांबवा, टेबलाशी जेवू द्या. मांड्या भरल्या की पाट परत आणा, आणि उठताना आधी गुडघ्यावर, मग एक पाऊल पुढे टेकून, असं शिकवा.

गणपतीला घरी जाल तेव्हा एक चाचणी करा. खुर्चीवर बसवून, हात छातीशी धरून, पाच वेळा उठून बसायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. आशियाई लोकांसाठी 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी धरतात. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर तेही तसंच लिहा. पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा. बायकांमध्ये 33 सेंटिमीटरच्या आत असेल तर स्नायू घटलेला समजतात. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा, दिवाळीत पुन्हा मोजा, आणि चारही आकडे मला कळवा. त्यावरून पुढचा व्यायाम ठरवू.